जुन्या गाड्यांचा एअर फिल्टर आला कुठून? आधी ट्रॅक्टरला, मग कारला

जुनी जीप नाहीतर अँबेसेडर हौसेनं पाळणारे लोक पेंटवर, क्रोमवर पाण्यासारखा पैसा घालतात, पण बोनेटखालचं ते हवा गाळायचं काळं डबडं, म्हणजे एअर फिल्टर, कुणी उघडून बघत नाही, आणि मराठवाड्यात तरी इंजिनचं आयुष्य त्या डबड्यावरच आहे.

सुरुवातीच्या गाड्यांना फिल्टर नव्हताच. फोर्डची मॉडेल टी 1908 ते 1927 एवढी वर्षं बनली, पण फॅक्टरीतून निघताना एकीलाही एअर फिल्टर नसायचा. कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, इंजिनच्या बाजूला पार खाली, त्याला एक पत्र्याची नळी, ती एक्झॉस्टजवळची गरम हवा आणून द्यायची म्हणजे पेट्रोलची वाफ नीट होईल. थंडीचा विचार केला होता, धुळीचा नाही.

आता हिशोब बघा. एक लिटर पेट्रोल जाळायला साधारण 9 हजार लिटर हवा लागते. मे महिन्यात जिंतूरकडच्या नाहीतर पाथरीकडच्या कच्च्या रस्त्याला ट्रकच्या मागं लागलात की ही सगळी हवा फुफाट्यातूनच आत जाणार, आणि ती बारीक धूळ सिलेंडरच्या भिंतीवरच्या ऑइलमध्ये मिसळली की व्हॉल्व्ह घासायची पेस्टच तयार होते, मग बोअर म्हणजे सिलेंडरची आतली भिंत झिजते, पिस्टनच्या रिंगा जातात, गाडी ऑइल प्यायला लागते आणि मागून निळा धूर.

या त्रासावर पहिला उपाय शेतात निघाला, कारण ट्रॅक्टर दिवसभर स्वतःच उडवलेल्या धुळीत चालतो. अमेरिकेत 1915 ला फ्रँक डोनाल्डसन नावाच्या ट्रॅक्टर विकणाऱ्या माणसानं युटाहमधल्या एका शेतकऱ्याचं धुळीनं गेलेलं इंजिन बघून फिल्टर बनवला, आणि त्यातून पुढं डोनाल्डसन कंपनीच उभी राहिली. फोर्डसन ट्रॅक्टरमध्ये हवा चक्क पाण्यातून धुऊन घ्यायचे.

मग आला ऑइल बाथ, म्हणजे आपल्या मिस्त्री लोकांचा ऑइलवाला फिल्टर. 1930 नंतर कारमध्ये पण दिसायला लागला आणि दुसऱ्या महायुद्धातल्या जीपमध्ये तोच होता. महिंद्रानं 1940 च्या दशकाच्या शेवटी जीप जोडायला सुरुवात केली, त्यामुळं पुढं जायकवाडीच्या कालव्यावर फिरणाऱ्या पाटबंधारेवाल्यांच्या जीपांना काय, अँबेसेडरला काय, हेच डबडं. हवा वरून खाली येते, ऑइलवर आपटून एकदम उलटी वर वळते, जड धूळ वळू शकत नाही म्हणून ऑइलमध्ये बसते, उरलेली वरच्या ओल्या तारेच्या जाळीत अडकते. क्लिपा सोडून वाटी काढली की तळाला काळ्या रानासारखा चिखल, तो खरवडायचा, जाळी रॉकेलनं धुवायची, रेषेपर्यंत नवीन ऑइल. रेषेच्या वर नको, इंजिन ते ओढून घेतं. पार्ट मिळायची मारामार असलेल्या तालुक्याच्या गावात यापेक्षा सोयीचं काही नव्हतं, आणि ट्रॅक्टरला तर अजून कितीतरी ठिकाणी तेच चालू आहे.

कागदाचा घडीवाला फिल्टर अमेरिकन कारमध्ये 1950 च्या दशकात पसरला. खरं सांगायचं तर धूळ अडवण्यात कागदच भारी, कारण गाडी आयडलला, म्हणजे उभ्या जागी हळू चालू असली की हवेला जोर नसतो आणि ऑइलवाल्यात बारीक धूळ वळणावर सुटून निघून जाते, कागदाला त्याचा फरक पडत नाही. पण तो चोंदला की नवीनच आणावा लागतो.

हल्ली मूळ डबा काढून उघडा कोन फिल्टर लावायचं फॅड आहे, आवाज मस्त येतो म्हणून. तो बोनेटखालची तापलेली हवा ओढतो, गरम हवा विरळ, म्हणजे ताकद उलट कमीच, आणि धुळीत तर नकोच बाबा. त्यापेक्षा जुना डबा ठेवा आणि आधी फिल्टर ते कार्ब्युरेटरमधला रबरी पाईप तपासा, उन्हानं तो वाळून चिरतो, आणि फिल्टरच्या पुढं चीर पडली की फिल्टर कुठलाही असो, धूळ सरळ आत.