प्रोसेसरला लगाम घालणारी एक ओळ

लॅपटॉपची बॅटरी वाचवायची तर सेटिंग्जमध्ये शिरून एकामागून एक खिडक्या उघडत बसावं लागतं, असा अनेकांचा समज असतो. विंडोजमध्ये त्यासाठी ‘पॉवरसीएफजी’ ही कमांड आधीपासूनच आहे. हव्या त्या ओळी नोटपॅडमध्ये लिहायच्या, फाइलच्या नावापुढे डॉट बॅट लावून सेव्ह करायचं आणि ती डेस्कटॉपवर ठेवायची. डबल क्लिक केलं की काम झालं.

साधी सुरुवात म्हणजे पॉवरसीएफजी, स्लॅश सेटअ‍ॅक्टिव्ह, स्कीम अंडरस्कोर मॅक्स. हे ‘मॅक्स’ वेगाचं नाही, वीजबचतीचं आहे. पूर्ण ताकद हवी असेल तर ‘मिन’ लिहावं लागतं. अनेक नव्या लॅपटॉपवर ‘बॅलन्स्ड’ हा एकच पॉवर प्लॅन असतो, म्हणून आधी ‘स्लॅश लिस्ट’ देऊन पाहावं.

मला खरी मोलाची वाटते ती मात्र प्रोसेसरच्या कमाल मर्यादेची सेटिंग. चिपमधले ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना लागणारी वीज फ्रिक्वेन्सीच्या, म्हणजे प्रोसेसरच्या ठोक्यांच्या वेगाच्या, प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. फ्रिक्वेन्सी 20 टक्के आणि व्होल्टेज 10 टक्के उतरवलं, तर 0.8 गुणिले 0.9 गुणिले 0.9 म्हणजे सुमारे 0.65. वेग पाचव्या हिश्शाने घटला, पण ही वीज एक तृतीयांशाहून जास्त वाचली! टर्बो बूस्टमध्ये, म्हणजे प्रोसेसर काही वेळ नेहमीच्या वेगापलीकडे धावतो तेव्हा, नेमकं उलटं घडतं. शेवटचा थोडासा वेग मिळवायला व्होल्टेज बरंच चढवावं लागतं, आणि पंखाही तेव्हाच घोंगावू लागतो.

म्हणून बॅटरीवर असताना ही मर्यादा 100 ऐवजी 99 टक्के ठेवावी. फरक एका टक्क्याचा दिसतो, पण बहुतेक लॅपटॉपवर त्याने टर्बो पूर्ण बंद होतो. स्क्रिप्टमध्ये त्यासाठी ‘सेटडीसीव्हॅल्यूइंडेक्स’ येतं. डीसी म्हणजे बॅटरीवर, एसी म्हणजे चार्जरवर. त्याखाली ‘सेटअ‍ॅक्टिव्ह स्कीम अंडरस्कोर करंट’ ही ओळ हवीच, नाहीतर बदल नोंदला जातो, पण लगेच लागू होत नाही.

लिनक्सवर ‘पॉवरप्रोफाइल्ससीटीएल’ आणि मॅकवर ‘पीएमसेट’ या कमांड वीजबचतीच्या कामाला येतात.

वाचन, लेखन, ईमेल यांत टर्बो नसल्याचं सहसा जाणवतही नाही. व्हिडिओ एक्स्पोर्टसारखं जड काम मात्र रेंगाळतं, आणि तेवढा वेळ स्क्रीनही वीज खात राहते. अशा वेळेसाठी 100 आकड्याची दुसरी बॅट फाइल पहिलीच्या शेजारीच ठेवावी.