गिल्बर्ट टेकडीचा कातळ आणि आपला वेग

अंधेरी पश्चिमेला इमारतींच्या दाटीतून वाट काढत गिल्बर्ट टेकडीपाशी पोहोचले की सुमारे दोनशे फूट उंचीचा काळा कातळ एकदम समोर उभा राहतो. त्याच्या अंगावर उभे, एकमेकांना चिकटलेले बहुकोनी खांब दिसतात. लाव्हा निवताना आकसतो, आकसताना त्याला तडे जातात आणि ते तडे खोल उतरत गेले की असे खांब तयार होतात. हा खडक सहा कोटी वर्षांहून जुना आहे. त्याच्या माथ्यावर आता गावदेवीचे देऊळ आहे. माणूस पृथ्वीवर किती काळ टिकेल, या प्रश्नाचा विचार करायला मुंबईत मला याहून योग्य जागा सापडलेली नाही.

दख्खनचे पठार घडवणाऱ्या ज्वालामुखींच्या दीर्घ मालिकेशी या टेकडीचे नाते आहे. त्यातले मुख्य उद्रेक सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी, काही लाख वर्षांच्या काळात झाले आणि त्यांनी लाव्हाबरोबर प्रचंड कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला. डायनोसॉर त्याच सुमारास नष्ट झाले. त्यात मेक्सिकोजवळ आदळलेल्या अशनीचा वाटा किती आणि दख्खनचा किती, यावर अजून वाद आहे. मात्र हवेत कार्बन वाढल्यावर काय होते, हे पाहायला पृथ्वीच्या इतिहासात त्याहून स्वच्छ उदाहरण आहे. सुमारे 5.6 कोटी वर्षांपूर्वी काही हजार वर्षांत मोठ्या प्रमाणावर कार्बन वातावरणात आला, पृथ्वीचे तापमान पाच-सहा अंशांनी वाढले, समुद्राच्या पाण्याची आम्लता वाढली, आणि सारे पूर्वपदावर यायला लाखाहून अधिक वर्षे लागली.

इतका वेळ लागतो, कारण हवेतला जादा कार्बन काढून टाकण्याचे काम दगड आणि पाऊस करतात. पावसाच्या थेंबात हवेतला कार्बन डायऑक्साइड थोडासा विरघळतो आणि पाणी किंचित आम्लधर्मी होते. ते बेसॉल्टवर, म्हणजे निवलेल्या लाव्हाच्या काळ्या दगडावर, पडले की खडकातली खनिजे हळूहळू झिजतात, कॅल्शियम आणि हवेतला कार्बन सामावलेले बायकार्बोनेट नद्यांवाटे समुद्रात जातात, तिथे शिंपले आणि सूक्ष्म जीव त्यापासून कवचे बनवतात आणि ती कवचे तळाशी साचून चुनखडक होतात. सह्याद्रीच्या घाटात रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत काळ्या दगडावर विटकरी, भुसभुशीत थर दिसतो, तो याच झिजेचा पुरावा आहे. कोकणातला मुसळधार पाऊस आणि उष्ण हवा या कामाला पोषक आहेत, तरीही हे काम कमालीचे संथ आहे.

आपला वेग त्यापुढे भयावह आहे. कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू जाळून, तसेच सिमेंट बनवताना माणूस वर्षाला सुमारे 3,700 कोटी टन कार्बन डायऑक्साइड सोडतो. जगातले सारे ज्वालामुखी मिळून त्याच्या दोन टक्केही सोडत नाहीत. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे 280 भाग होते, आज ते 420 च्या वर गेले आहेत.

म्हणून माणूस नामशेष होईल का? निव्वळ तापमानवाढीने संपूर्ण मानवजात संपेल, असे मला वाटत नाही. आपली प्रजाती सुमारे तीन लाख वर्षांची आहे आणि तिने हिमयुगे पाहिली आहेत. वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेल्या गाळात एकोणिसाव्या शतकात बेडकांचे जीवाश्म सापडले. म्हणजे ज्वालामुखींच्या त्या काळातही इथल्या डबक्यांत जीव नांदत होते. पण बेडकाला टिकायला डबके पुरते, आपल्याला शेती, बंदरे, पाणीपुरवठा आणि शहरे लागतात, आणि हे सारे आपण गेल्या सुमारे 11,700 वर्षांच्या स्थिर हवामानात उभे केले आहे. समुद्राची पातळी तर गेली सहा-सात हजार वर्षेच जवळपास स्थिर होती. त्या स्थैर्यावर विसंबूनच सात बेटांमधल्या खाड्यांत भराव टाकून ही मुंबई जोडली गेली.

ते स्थैर्य ढळले की काय होते, ते इथे दरवर्षी दिसते. पावसाळ्यात लोकलने निघण्याआधी लोक भरतीची वेळ पाहतात, कारण शहरातल्या पावसाच्या पाण्याच्या बहुतेक नाल्यांची तोंडे भरतीच्या पातळीखाली आहेत. साडेचार मीटरची भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आले की पाण्याला जायला वाटच उरत नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते, त्यामुळे असा पाऊस अधिक जोरकस होण्याकडे कल आहे. तेच बाष्प उन्हाळ्यात घाम वाळू देत नाही. ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापकाचा पारा 35 अंशांवर गेला, तर धडधाकट माणूसही सावलीत बसून काही तासांहून जास्त तग धरू शकणार नाही, असे मानले जाते. प्रत्यक्षात ही सहनशक्ती त्याआधीच संपते. उन्हात पाट्या वाहणाऱ्या बांधकाम मजुराची तर आणखी लवकर संपते, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते.

दिलासा देणारी एक गोष्ट विज्ञानाला बऱ्यापैकी खात्रीने ठाऊक आहे. कार्बन डायऑक्साइडचे निव्वळ उत्सर्जन, म्हणजे आपण हवेत सोडलेला वजा हवेतून काढून घेतलेला, शून्यावर आले की तापमानवाढ फार रेंगाळत नाही, ती थोड्याच वर्षांत जवळजवळ थांबते. समुद्राचे तसे नाही. खोल पाणी तापायला आणि जमिनीवरचा बर्फ वितळायला वेळ लागतो, त्यामुळे हवेचे तापमान वाढायचे थांबले तरी समुद्राची पातळी पुढे शतकानुशतके चढत राहील. ती किती चढेल, हे मात्र उत्सर्जन थांबेपर्यंत आपण आणखी किती कोळसा आणि तेल जाळतो त्यावर ठरणार आहे, आणि माहीमच्या खाडीकाठी भरतीचे पाणी कुठपर्यंत येईल हेही त्यावरच.