यूमॅप परिषदेतील लेट-ब्रेकिंग रिझल्ट्स आणि डेमो

वापरणाऱ्या माणसाचा अंदाज घेऊन स्वतःचे वागणे बदलणाऱ्या संगणक प्रणालींवरचे अर्धेकच्चे संशोधन आणि अशा प्रणालींची चालती प्रात्यक्षिके मांडण्यासाठी यूमॅप या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठेवलेला विभाग. 'यूजर मॉडेलिंग, अ‍ॅडाप्टेशन अँड पर्सनलायझेशन' या लांबलचक नावाचे यूमॅप हे लघुरूप आहे. विद्यार्थ्याला काय येते हे ओळखून पुढचे गणित देणारा शिकवणी-प्रोग्राम, आवडीप्रमाणे चित्रपट सुचवणारी यंत्रणा, हात थरथरणाऱ्या माणसासाठी बटणे मोठी करणारा पडदा हे सगळे या विषयात बसते.

परिषदेला दोन मुळे आहेत. जर्मनीतील मारिया लाख येथे १९८६ मध्ये यूजर मॉडेलिंगवर पहिली कार्यशाळा भरली आणि तिची पुढे परिषद झाली. दुसरी शाखा 'अ‍ॅडाप्टिव्ह हायपरमीडिया', म्हणजे वाचणाऱ्याप्रमाणे बदलणारी दुव्यांची पाने, या विषयावरच्या परिषदेची. ती २००० साली इटलीतील त्रेंतो येथे सुरू झाली. पहिली परिषद विषम वर्षी आणि दुसरी सम वर्षी, असे काही काळ आलटून-पालटून चालले. बरीचशी माणसे दोन्हीकडे तीच होती. २००९ मध्ये पुन्हा त्रेंतोलाच दोन्ही एकत्र आल्या आणि तेव्हापासून यूमॅप दरवर्षी भरते. २०१६ च्या हॅलिफॅक्स परिषदेपासून तिचे शोधनिबंध असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी, म्हणजे एसीएम, प्रसिद्ध करते. त्याआधी ते स्प्रिंगर या प्रकाशनसंस्थेकडे होते.

'लेट-ब्रेकिंग' हा शब्द वर्तमानपत्री आहे: अंक छापायला जाता जाता हाती आलेली बातमी. परिषदेत त्याला कारण वेळापत्रकाचे. मुख्य निबंधांची मुदत परिषदेच्या कित्येक महिने आधी संपते. मधल्या काळात कोणाचा प्रयोग संपतो, कोणाचा प्रोटोटाइप पहिल्यांदा नीट चालू लागतो, कोणाच्या डेटात काही अनपेक्षित दिसते. अशांसाठी मुख्य निबंधांनंतरची दुसरी मुदत असते. मुख्य विभागात नाकारलेला निबंध छाटून इथे आणणारेही असतात. त्यात गैर काही नाही, फक्त छाटणी प्रामाणिक हवी. दहा पानांचा दावा चार पानांत कोंबलेला परीक्षकाच्या लगेच लक्षात येतो.

निबंध थोडक्या पानांचा असतो. पानांची मर्यादा आणि नमुना त्या त्या वर्षीचे आयोजक ठरवतात. प्रश्न कोणता, आधी कोणी काय केले, आपण काय बांधले आणि आतापर्यंत काय दिसले, एवढे आले की पुरे. मोठ्या संख्येने लोकांवर घेतलेली चाचणी इथे मागत नाहीत, मात्र ती पुढे कशी घेणार हे विचारतात. डेमोच्या निबंधात प्रणालीची रचना, ती कोणासाठी आहे आणि स्टॉलवर आलेल्या माणसाला नेमके काय करून पाहता येईल हे लिहावे लागते. सोबत व्हिडिओ जोडण्याची पद्धत आहे. परीक्षण सहाध्यायी संशोधकच करतात. निवडलेले लेखन मुख्य खंडात न जाता 'अ‍ॅडजंक्ट' म्हणजे पुरवणी खंडात छापले जाते. परिषदेत ते पोस्टर लावून किंवा लॅपटॉप मांडून दाखवायचे असते. त्याआधी प्रत्येकाला एकेक मिनिट देऊन व्यासपीठावरून आपापल्या स्टॉलची जाहिरात करू देण्याची प्रथाही या क्षेत्रात आहे. आठवडी बाजारातल्या हाळीपेक्षा ती फार वेगळी नसते.

बाकी कुठल्याही संगणकी डेमोपेक्षा हा डेमो अवघड असतो. नवा कीबोर्ड दाखवायचा तर समोरच्याच्या हातात दिला की झाले. माणूस ओळखून बदलणारी प्रणाली मात्र अनोळखी माणसापुढे मुकी असते. तिचे सगळे कौतुक ओळखीवर उभे, आणि स्टॉलवरचा पाहुणा तर पाच मिनिटांत पुढच्या टेबलाकडे वळणार. या अडचणीला क्षेत्रात 'कोल्ड स्टार्ट' म्हणतात. तिच्यावरचा सर्वांत जुना उपाय विषयाइतकाच जुना आहे. एलेन रिच यांनी १९७९ मध्ये वर्णन केलेली 'ग्रंडी' ही प्रणाली ग्रंथपालाची भूमिका घेऊन कादंबऱ्या सुचवत असे. वाचकाने स्वतःचे वर्णन करणारे काही शब्द दिले की ती त्याला एखाद्या ठरावीक साच्यात बसवी आणि पुढच्या प्रतिसादांवरून तो अंदाज दुरुस्त करी. आजचे डेमो मांडणारेही वेगळे काही करत नाहीत. ते दोन-तीन काल्पनिक वापरकर्ते आधीच तयार ठेवतात, समजा 'नवखी विद्यार्थिनी' आणि 'मुरलेला प्रोग्रॅमर', आणि एकच पडदा दोघांना कसा वेगळा दिसतो ते शेजारी-शेजारी दाखवतात. पाहुण्याला कळते लवकर, पण एक फसवणूकही होते: त्या काल्पनिक वापरकर्त्यांच्या आवडी प्रणाली बांधणाऱ्यानेच लिहिलेल्या असतात, मग प्रणाली त्या अचूक ओळखते यात नवल ते काय? चांगला डेमो त्यामुळे एक दार उघडे ठेवतो. पाहुण्याने स्वतः चार-पाच उत्तरे द्यावीत आणि प्रणालीने त्याच्याबद्दल काय समजूत करून घेतली ती पडद्यावर वाचावी. चुकली असेल तर तिथेच दुरुस्त करावी. वापरकर्त्याला आपले प्रतिमान पाहू देण्याच्या या कल्पनेला 'ओपन यूजर मॉडेल' म्हणतात.

तीच अडचण आकड्यांतही लपलेली असते. शिफारस यंत्रणांवरची सुरुवातीची कामे बहुधा मूव्हीलेन्स या चित्रपट सुचवणाऱ्या संकेतस्थळाच्या डेटावर होतात. मिनेसोटा विद्यापीठातील ग्रुपलेन्स गटाने तो खुला केला. त्याच्या प्रसिद्ध छोट्या संचात ९४३ जणांनी १,६८२ चित्रपटांना दिलेले एक लाख गुण आहेत. या संचातल्या प्रत्येकाने किमान २० चित्रपटांना गुण दिलेले आहेत. त्याहून कमी देणारे आधीच वगळलेले. म्हणजे ज्याची खरी चिंता, तो काल आलेला वापरकर्ता, या डेटात नाहीच. 'आमची पद्धत नवख्यांसाठी चांगली' असा दावा या संचावर करायचा, तर जुन्या वापरकर्त्यांचा इतिहास झाकून त्यांना नवखे करावे लागते. तसे केल्याचे निबंधात स्पष्ट लिहिले तर कोणाची हरकत नसते.

कच्चे काम लवकर दाखवावे की नाही, यावर या क्षेत्राला एक मोठा धडा मिळालेला आहे, आणि तो कागद अडकवण्याच्या एका चिमट्याचा. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात एरिक हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात 'ल्यूमिएर' प्रकल्प केला. माणूस काय करू पाहतो आहे आणि त्याला मदत हवी आहे का, हे त्याच्या हालचालींवरून बेझियन संभाव्यतेने, म्हणजे नवी खूण मिळेल तसा अंदाज बदलत नेणाऱ्या गणिताने, ओळखण्याचा तो प्रयत्न होता. सुरुवातीला त्यांनी 'विझार्ड ऑफ ऑझ' पद्धतीचे प्रयोगही घेतले: वापरणाऱ्याला वाटते संगणक सल्ला देतो आहे, प्रत्यक्षात पलीकडे बसलेला तज्ज्ञ देत असतो. ऑफिस ९७ मध्ये चिमट्याच्या रूपातला जो बोलका मदतनीस आला, त्यात या कामाचा काही भागच उतरला. माणसाचे कौशल्य कालांतराने लक्षात ठेवणारी नोंद गळली, आणि मदतनीस केव्हा पुढे यावा हे बऱ्याच अंशी साध्या नियमांवर ठरू लागले. 'क्लिपी' नावाने जगभर चिडवला गेलेला तो चिमटा २००१ च्या आवृत्तीत मुळात बंद ठेवूनच आला आणि ऑफिस २००७ मधून गेला. लोकांनी बोल अनुकूली प्रणालींना लावला. क्लिपीला मात्र माणूस पुरेसा ओळखताच येत नव्हता.

म्हणून परीक्षक प्राथमिक कामातही एक गोष्ट तपासतात: अंदाज आणि कृती वेगवेगळ्या पारखल्या आहेत का? प्रणालीने माणूस बरोबर ओळखला, पण त्यावर केलेला बदल त्रासदायक ठरला, असे होऊ शकते, उलटेही होते. या थरवार मूल्यमापनाची मांडणी पीटर ब्रुसिलोव्स्की आदींनी २००१ च्या सुमारास केली. छोट्या निबंधाला ती सोयीची आहे, कारण एकच थर तपासून तेवढेच मांडता येते. आठ-दहा जणांच्या चाचणीवरून 'वापरकर्त्यांना आवडले' असे लिहिण्यापेक्षा 'अंदाजाचा थर जमला, बदलाचा अजून तपासायचा आहे' असे लिहिलेले केव्हाही बरे. अशा चाचण्यांत माणसांच्या सवयींची नोंद होत असल्याने त्यांची संमती आणि ओळख लपवण्याची व्यवस्था याचीही विचारणा होते. युरोपात २०१८ मध्ये जीडीपीआर हा माहिती-संरक्षणाचा कायदा लागू झाल्यापासून ती अधिक बारकाईने होऊ लागली.

असेच विभाग शेजारच्या परिषदांतही आहेत. मानव-संगणक संवादावरच्या सीएचआय परिषदेत त्याला पूर्वी 'वर्क इन प्रोग्रेस' म्हणत, पुढे 'लेट-ब्रेकिंग वर्क' म्हणू लागले. इंटेलिजंट यूजर इंटरफेसेस परिषदेत आणि २००७ मध्ये मिनियापोलिस येथे सुरू झालेल्या, शिफारस यंत्रणांवरच्या रेकसिस परिषदेतही डेमो असतात. याच कुळातली इंटरॅक्ट ही परिषद सप्टेंबर २०१७ मध्ये मुंबईत भरली होती आणि तिच्या छापील खंडांत डेमो व पोस्टरांचे स्वतंत्र दालन आहे. २०२० ची यूमॅप जेनोआ येथे व्हायची होती, पण कोविडमुळे ती ऑनलाइन झाली. पुढच्या वर्षीची उट्रेख्टचीही तशीच. स्टॉलभोवतीचा घोळका गेला आणि पाहुण्याला स्वतः उत्तरे देऊन पाहण्याची जी थोडी संधी असे, तिच्या जागी बव्हंशी आधी चित्रित केलेला व्हिडिओ आला.