सिकलसेल: गर्भातले हिमोग्लोबिन आणि गावातला रुग्ण

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाच्या धानपट्ट्यात रोवणीच्या दिवसांत दिवसभर चिखलपाण्यात भिजल्यावर एखाद्या तरुणाची हाडे असह्य ठणकू लागली, तर तो वाताचा त्रास समजून अंगावर काढू नये, कारण त्यामागे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असू शकतो. थंडी, अतिश्रम आणि शरीरातले पाणी कमी होणे या तिन्ही गोष्टी या आजारात वेदना भडकवतात. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, आणि एवढ्याच फरकामुळे ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात व बारीक रक्तवाहिन्या अडवतात.

उपचाराची दिशा मात्र तान्ह्या बाळांनी दाखवली. न्यूयॉर्कच्या डॉक्टर जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्ये नोंदवले की, हा आजार घेऊन जन्मलेल्या बाळांना सुरुवातीचे काही महिने त्रास होत नाही, कारण असे न चिकटणारे गर्भातले हिमोग्लोबिन तोवर त्यांच्या रक्तात टिकून असते. ते पुढे बंद कोण करते, याचा माग लागायला साठ वर्षे गेली. सार्डिनिया बेटावरील हजारो लोकांच्या जनुकांमधील लाखो जागा संगणकाने ताडून पाहिल्यावर बीसीएल११ए या जनुकाकडे बोट गेले, आणि २००८ मध्ये हेच जनुक गर्भातल्या हिमोग्लोबिनला दाबून ठेवते हे प्रयोगाने सिद्ध झाले. माझ्या मते संगणकीय जीवशास्त्राचे इतके थेट फळ क्वचितच मिळाले आहे.

अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये मान्य केलेला कॅसगेव्ही हा उपचार मूळ चूक दुरुस्त करत नाही. रुग्णाच्या रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी बाहेर काढून क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राच्या साहाय्याने बीसीएल११एची कळ रक्तपेशींपुरती निकामी केली जाते, आणि तीव्र केमोथेरपीनंतर त्या पेशी शरीरात परत सोडल्या जातात. चाचणीतील ३१ पैकी २९ रुग्ण सलग वर्षभर तीव्र वेदनांच्या झटक्यांपासून मुक्त राहिले. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे.

हायड्रॉक्सीयुरियाची साधी गोळीही गर्भातले हिमोग्लोबिनच वाढवते, अर्थात कमी प्रमाणात, आणि ती चालू असताना रक्ततपासणी नियमित करावी लागते. तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी निदान अचूक हवे. गावात होणारी सोल्युबिलिटी चाचणी वाहक (म्हणजे सदोष जनुक एकाच पालकाकडून आलेला माणूस) आणि रुग्ण यांतला फरक सांगत नाही, शिवाय सहा महिन्यांच्या आतील बाळात गर्भातल्या हिमोग्लोबिनमुळेच ती फसू शकते. म्हणून नमुना पुढे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या प्रयोगशाळेतील चाचण्यांसाठी पाठवावाच लागतो.

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठरवले गेले. या आकड्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न असा की, पाठवलेल्या नमुन्याचा निकाल त्याच माणसाच्या नावाने आशाताईंच्या हाती किती दिवसांत परत येतो. कारण दोघे वाहक असलेल्या जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि तो निकाल त्यांना लग्नाआधी, निदान गरोदरपणाच्या सुरुवातीला तरी, कळायला हवा.