खुबा व नितंबदुखीच्या निदानाचे संकेतन

खुब्यात किंवा नितंबात दुखत असलेल्या रुग्णाच्या निदानाला रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील संकेतांक देणे आणि त्याला आधार देणारी नोंद केसपेपरवर ठेवणे, यास निदान-संकेतन म्हणतात. दुखण्याची जागा आणि त्याचे मूळ येथे पुष्कळदा वेगळे असते: खुब्याच्या सांध्याचा विकार जांघेत, कधी थेट गुडघ्यात जाणवतो, तर नितंबातील कळ कमरेच्या मणक्यातून आलेली असू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या या वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत सांधेदुखीस एम२५.५ हा संकेतांक असून त्यापुढील ५ हा जागादर्शक अंक श्रोणी व मांडीचा आहे. नितंब, खुबा आणि त्रिकास्थीचा (कण्याच्या तळाशी असलेल्या हाडाचा) सांधा या साऱ्यांना तोच अंक लागतो, व बाजू कळत नाही. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून वापरात असलेल्या रूपात उजव्या खुब्याच्या दुखण्यास एम२५.५५१, डाव्याच्या एम२५.५५२ आणि बाजू न नोंदल्यास एम२५.५५९ लिहितात. बाजू रुग्णाला विचारताच कळते, त्यामुळे शेवटच्या संकेतांकाचे समर्थन करणे कठीण आहे.

हे लक्षणाचे संकेतांक कारण ठरेपर्यंतच योग्य ठरतात. खुब्याची झीज निश्चित झाल्यास एम१६, रक्तपुरवठा तुटून हाड मृत झाल्यास एम८७, सायटिका (कमरेच्या मज्जातंतूमुळे नितंबातून पायात उतरणारी कळ) असल्यास एम५४.३, तिच्यासोबत कंबरदुखी असल्यास एम५४.४, आणि पडल्यामुळे मांडीच्या हाडाची मान मोडल्यास एस७२.० लिहावा लागतो.

सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू व कन्नड बोलणारे रुग्ण येतात आणि त्यांतील अनेक जण या साऱ्या दुखण्याला ‘कंबर’च म्हणतात, म्हणून रुग्णाने बोट कोठे ठेवले हे लिहिणे त्याच्या शब्दाहून अधिक उपयोगी पडते. यंत्रमागावर तासन्‌तास उभे राहणे किंवा मांडी घालून विड्या वळणे एवढ्यावरून निदान ठरत नाही, तरी व्यवसायाची नोंद हवीच. तालुक्याच्या दवाखान्यातून ‘सिव्हिल’ला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाला, पाठवलेल्या चिठ्ठीवर नुसते ‘कंबरदुखी’ असल्यास तपासणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. त्याऐवजी ‘उजव्या जांघेत तीन महिने दुखते, खुबा आत वळवताना वाढते, पाय सरळ उचलल्यास कळ येत नाही’ एवढे लिहिले, तर मणक्यापेक्षा खुब्याचा एक्स-रे आधी काढावा हे वाचणाऱ्यास लगेच समजते.