फॉर्ममधला तो एक रकाना: माजी सैनिक, किरकोळ केस आणि नोकरी

आमच्याकडं फौजेतनं रिटायर होऊन आलेला माणूस नाईक असो की हवालदार, गावासाठी तो 'मेजर'च असतो. बालाघाट डोंगराच्या पट्ट्यातले आमचे एक चुलते असेच मेजर. १७ वर्षं काढून चाळिशीच्या आत घरी आले, तर बघतात काय, भावकीनं बांध कोरत कोरत दोन तास (नांगराच्या दोन ओळी) आत आणलेला. पेरणीच्या दिवशी शब्दाला शब्द लागला, काठ्या निघाल्या, दोन्हीकडून तक्रारी झाल्या आणि मेजरवर जुन्या दंडविधानाचं कलम ३२४ (हत्यारानं दुखापत), ५०४ (भांडण होईल असा अपमान), ५०६ (धमकी) लागलं. समोरच्याला टाके पडले तीन. पण मेजर तेव्हा एका बँकेत गनमॅन म्हणून लागायच्या बेतात होते, त्यासाठीच १२ बोअर घेतलेली, ती बंदूक ठाण्यात जमा झाली, लायसनवर नोटीस आली, आणि बंदूकच नाही तर गनमॅन कसला ठेवणार? शिक्षा लांबची गोष्ट, अजून चार्ज पण फ्रेम झाला नव्हता.

किरकोळ केसमध्ये माजी सैनिक जेलात क्वचितच जातो, नोकरीतनं मात्र आधीच जातो. हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही, आणि यावर पहिलं पद्धतशीर काम झालं ते अमेरिकेत.

तिथं तोंड फुटलं व्हिएतनामच्या युद्धावरून आलेल्या सैनिकांमुळं. १९८८ मध्ये सॅन दिएगोत बेघर माजी सैनिकांसाठी काही दिवसांचा तळ लावला, नाव 'स्टँड डाऊन'. जेवण, आंघोळ, डॉक्टर सगळं होतं, तरी बऱ्याच जणांचं म्हणणं एकच, आमचं कोर्टाचं तेवढं बघा. फुटपाथवर झोपले म्हणून दंड, पिऊन दंगा केला म्हणून दंड, दंड भरला नाही म्हणून वॉरंट, आणि वॉरंट असलेल्याला काम कोण देणार. मग १९८९ मध्ये कोर्टच तळावर आणलं, आणि माणूस निवाऱ्यात राहतोय, व्यसनमुक्तीला जातोय, काम शिकतोय याचा कागद दंडाच्या जागी धरायला लागले. त्याच्या थोडं आधी, १९८७ पासून, तिकडच्या कामगार खात्याची बेघर माजी सैनिकांना परत कामाला लावायची योजना होतीच, त्यामुळं दोन्ही टोकं जुळायला जागा होती.

पुढचं पाऊल बफेलो शहरातलं, जानेवारी २००८. न्यायाधीश रॉबर्ट रसेल व्यसनाच्या आणि मानसिक आजाराच्या केसेसची वेगळी कोर्टं चालवायचे. एक व्हिएतनामवाला मान खाली घालून उभा राहायचा, काही विचारलं तर बोलायचाच नाही. रसेलनी आपल्या स्टाफमधल्या दोघा माजी सैनिकांना सांगितलं, जरा बाहेर नेऊन बोला याच्याशी. परत आला तो ताठ उभा राहिला आणि बोलला. त्यातनं माजी सैनिकांचं स्वतंत्र कोर्ट निघालं, प्रत्येक आरोपीमागं एक जुना फौजी 'मेंटॉर' म्हणून, कोर्टातच त्यांच्या माजी सैनिक खात्याचा माणूस बसलेला, ठरलेलं सगळं पूर्ण केलं की गुन्हा काढून टाकणं नाहीतर हलका करणं. पुढं अशी कोर्टं अमेरिकेत शेकड्यांनी झाली. मला यातली भारी गोष्ट वाटते ती मेंटॉरची, कारण फौजी माणूस वकिलाला जे सांगणार नाही ते दुसऱ्या फौजीला पहिल्या चहात सांगतो.

आता आपल्याकडं या. नोकरीची बाजू आपल्याकडं जुनी आहे. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये सैनिकांसाठी बोर्ड निघालं, त्याचंच आजचं केंद्रीय सैनिक बोर्ड, आणि खाली जिल्ह्याजिल्ह्यात सैनिक कल्याण कार्यालयं. केंद्राच्या गट क मध्ये १० टक्के, गट ड मध्ये २० टक्के जागा, आपल्या राज्यात गट क आणि ड मध्ये १५ टक्के समांतर आरक्षण. २००२ मध्ये राज्यानं मेस्को, म्हणजे माजी सैनिकांचं महामंडळ काढलं, त्यातनं सुरक्षारक्षक म्हणून कितीतरी जण लागले. वाळूज एमआयडीसीत कंपन्यांच्या गेटवर उभं राहून बघा, दर दुसरा मिशीवाला फौजीच.

पण या सगळ्या वाटा एकाच फाटकातनं जातात, पोलीस व्हेरिफिकेशन. सरकारी नोकरीला साक्षांकन नमुना भरावा लागतो, त्यात तुमच्यावर गुन्हा दाखल आहे का हा रकाना. खासगी सिक्युरिटीला २००५ चा कायदा आहे, तो माजी सैनिकांना प्राधान्य द्या म्हणतो आणि गार्डचं चारित्र्य तपासून घ्या असंही म्हणतो. मग लोक काय करतात, तर 'नाही' लिहितात. कुणीतरी शहाणा सांगतो, अहो ती शेतातली भांडणं, त्याला काय गुन्हा म्हणतात व्हय! सहा महिन्यांनी व्हेरिफिकेशन येतं आणि गुन्ह्यापेक्षा लपवल्याचं जास्त भोवतं. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं अवतार सिंग प्रकरणात यावर बरंच स्पष्ट केलं: तरुणपणी घोषणा दिल्यासारखा अगदी किरकोळ मामला असेल तर लपवणं माफ करता येईल, पण खरं सांगितलं तरी नोकरी द्यायचीच असं मालकावर बंधन नाही. म्हणजे मालकानं नीट विचार करावा एवढंच.

कायद्यात वाटा नाहीत असं मात्र नाही. १९५८ चा प्रोबेशनचा कायदा आहे, त्यात समज देऊन किंवा चांगल्या वागणुकीच्या बाँडवर सोडता येतं, आणि कलम १२ प्रमाणं अशा माणसाला दोषी ठरल्यामुळं येणारी अपात्रता लागत नाही (तरी खातं त्याच्या वागण्याकडं बघू शकतं, ही मेख आहेच). काही कलमं आपसात मिटतात, लोकअदालत आहे, नाही मिटली तर तडजोड घेऊन हायकोर्टाच्या खंडपीठात गुन्हा रद्द करायला जाता येतं. १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय न्याय संहितेत ५०४ चं ३५२ झालं, ५०६ चं ३५१ झालं, आणि छोट्या गुन्ह्यांना समाजसेवेची शिक्षा पण आली. फक्त सैनिक कल्याणवाला कोर्टाचं बघत नाही, कोर्टवाला नोकरीचं बघत नाही, आणि मेजर दोन्हीकडं स्वतःच डिस्चार्ज बुक घेऊन फिरतो.

यात थोडी फट पडली ती जुलै २०२५ मध्ये. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं वीर परिवार सहायता योजना काढली, सैनिक बोर्डातच फुकट कायदेशीर मदतीचं केंद्र. तिचा रोख मुख्यतः जमीन, घरगुती वाद, सीमेवर असलेल्या जवानाला तारखेला येता येत नाही यावर आहे, पण बांधाची भांडणं फौजदारी व्हायच्या आधी तिथं पोचली तरी खूप. अग्निवीरांची पहिली बॅच २०२२ च्या शेवटी भरती झाली, तिची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून भरायला लागतात आणि कायम राहणार २५ टक्क्यांपर्यंतच. बाकीचे पंचविशीच्या आसपास गावात येणार, पेन्शन नाही, आणि पोलीस व्हेरिफिकेशन सगळ्यांनाच.

चुलत्यांचं म्हणाल तर भावकीशी तडजोड झाली, खंडपीठातनं गुन्हा रद्द झाला, बंदूक पण परत मिळाली. तोवर बँकेची वयाची अट उलटली होती. आता जिनिंगवर रात्रपाळीला असतात, काठी घेऊन.