गुणपत्रिकेत वर्गखोलीचाही वाटा असतो

न्यूयॉर्कच्या माध्यमिक शाळांमध्ये जून महिन्यात 'रीजंट्स' परीक्षा होतात. पेपर वेगवेगळ्या दिवशी असल्यामुळे एकाच विद्यार्थ्याला एखादा पेपर सुखद हवेत मिळतो, तर एखादा भर उकाड्यात. जिसुंग पार्क या अर्थशास्त्रज्ञाने नेमकं हेच हेरलं आणि त्याच त्या विद्यार्थ्यांचे वेगवेगळ्या दिवसांचे पेपर ताडून पाहिले. पारा ३२ अंश सेल्सिअसवर गेला, त्या दिवशीच्या विषयात पास होण्याची शक्यता सुमारे १० टक्क्यांनी घटलेली आढळली. मूल तेच, बुद्धी तीच, बदलली ती फक्त हवा. उकाड्याच्या दिवशी थोडक्यात हुकलेल्यांचे गुण शिक्षक वाढवतही होते. तरीही पुढे शालेय शिक्षण पूर्ण होण्यावर त्या दिवसांची छाया राहिलीच.

अशी तुलना मोलाची का ठरते? चांगल्या इमारतीच्या शाळेत बहुधा सुस्थितीतल्या घरची मुलं असतात. मग निकालाचं श्रेय इमारतीचं की घराचं, हे ठरवायचं कसं? १९६६ साली अमेरिकेत जेम्स कोलमन यांच्या पथकाने सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची पाहणी केली. शाळेतल्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीशी गुणांचा संबंध जास्त घट्ट दिसतो, असं त्यांना आढळलं. त्यावरून 'शाळांवर खर्च करून काय उपयोग?' असा सूर अनेकांनी लावला. तो मला घाईचा वाटतो. घराचा वाटा मोठा आहे, म्हणून वर्गाचा वाटा शून्य ठरत नाही.

शिवाय प्रश्न एका पेपरचा नाही. पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये सुमारे एक कोटी अमेरिकन विद्यार्थ्यांचे चाचणीतले गुण तपासले. ज्या शाळांत वातानुकूलन नव्हतं, तिथे शाळेचं वर्ष सरासरी अर्ध्या अंशाने जास्त तापलं, तर त्या वर्षीचं शिकणं सुमारे एक टक्क्याने कमी भरलं. सुट्टीच्या दिवसांतल्या उन्हाचा मात्र फारसा परिणाम दिसला नाही. म्हणजे नुकसान होत होतं ते तास चालू असतानाच. वातानुकूलन असलेल्या शाळांत हा तोटा जवळजवळ नाहीसा झाला होता.

गोंगाटाचा मारही असाच डोळ्यांना दिसत नाही. बोलण्यातले स्वर जोरकस असतात, व्यंजनं दुबळी. आवाज वाढला की आधी व्यंजनं बुडतात. शेवटच्या बाकावरच्या मुलीला 'धन संख्या' ऐकू आली की 'घन संख्या', हे संदर्भावरून ताडावं लागतं. ती बहुतेक वेळा बरोबर ताडते, पण त्यात खर्ची पडलेलं लक्ष गणिताच्या पुढच्या पायरीला उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते तास चालू असताना वर्गातला पार्श्वआवाज ३५ डेसिबलच्या वर जाऊ नये. भर रस्त्यालगतच्या वर्गाला हे साधणं कठीणच.

न्यूयॉर्कमधल्याच एका प्राथमिक शाळेला उंचावरून जाणारा रेल्वेमार्ग खेटून होता. आर्लिन ब्रॉन्झाफ्ट आणि डेनिस मॅकार्थी यांनी १९७५ मध्ये दाखवलं, की रुळांच्या बाजूच्या वर्गांतली मोठी मुलं वाचनात शांत बाजूच्या मुलांपेक्षा जवळपास एक वर्ष मागे होती. पुढे रुळांखाली रबराचे पट्टे बसले, वर्गांना आवाज शोषणारी छतं आली. त्यानंतरच्या पाहणीत दोन्ही बाजूंमधला फरक उरला नव्हता. मला हा सगळा विषय पोटतिडकीचा वाटतो तो यामुळे. 'कच्ची' ठरलेली ती मुलं कच्ची नव्हतीच.

हवेचंही तसंच. बाहेर कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दर दहा लाख भागांत ४२० च्या आसपास असतं, दारं-खिडक्या लावलेल्या भरल्या वर्गात ते दोन हजारांच्याही पुढे जातं. हा वायू स्वतः विचारशक्तीला किती बाधतो यावर मतभेद आहेत. पण तो साचतो म्हणजे खोलीतली हवा बदलत नाही, एवढं नक्की. खिडकी उघडली की प्रश्न सुटला, असंही नाही, कारण बाहेरची धूळ आत येते. इस्रायलमध्ये शालान्त परीक्षेच्या गुणांचा असाच अभ्यास झाला. ज्या दिवशी हवेत सूक्ष्म कण जास्त, त्या दिवशी त्याच विद्यार्थ्यांचे गुण कमी आले.

आणि शाळेची वेळ. किशोरवयात मेंदूतलं झोपेचं घड्याळच पुढे सरकतं, त्यामुळे रात्री लवकर डोळा लागत नाही. त्याला सरसकट आळस म्हणणं अन्यायाचं आहे. सिएटलमध्ये २०१६ साली माध्यमिक शाळांची वेळ ७.५० वरून ८.४५ केली. दोन शाळांतल्या विद्यार्थ्यांची झोप मोजली, तर ती रोज ३४ मिनिटांनी वाढली होती. गुणही आधीच्या वर्षीच्या मुलांपेक्षा ४.५ टक्क्यांनी वर होते. तुलना दोन वेगळ्या तुकड्यांची, तेव्हा हा आकडा बेतानेच घ्यावा. त्यातल्या एका शाळेत गरीब घरची मुलं जास्त होती. गैरहजेरी आणि उशिरा येणं लक्षणीय कमी झालं ते तिथेच.